साकम्माची उन्हातली फेरी

माझ्या दोन्ही चाकांत आता हवा नाही, मित्रांनो, म्हणून भिंतीला टेकूनच बोलते. मी म्हैसूरची सायकल. काळी, उंच दांडीची, मागं रुंद कॅरिअर असलेली. माझे सुटे भाग पोत्यांत भरून कुठून तरी उत्तरेकडून आले आणि इथल्या एका दुकानात मिस्त्रीनं ते एका सकाळी जोडले. घंटी बसवून त्यानं ती दोनदा वाजवली आणि म्हणाला, "झालीस बाई तयार." तोच माझा जन्म.

मला पुट्टस्वामीनं घेतलं. त्याला मी अरेतुरे करते. एकतीस वर्षं त्याला वाहिलं आहे, तेवढा हक्क आहे माझा. रेशमी साड्यांच्या कारखान्यात तो मागांची दुरुस्ती करायचा. विद्यारण्यपुरमातलं घर ते कारखाना आणि कारखाना ते घर, एवढंच जग मी पाहिलं. रविवारी तो माझी एकेक तार पुसायचा, चेनला तेल द्यायचा. फाटकावरचा पहारेकरी म्हणायचा, "पुट्टस्वामी, बायकोपेक्षा सायकलीला जास्त जपतोस रे!" सगळे हसायचे. मला फार बरं वाटायचं.

त्याची बायको साकम्मा कधीमधी म्हणायची, "अहो, एखाद्या दिवशी मला बसवून नुसतं गाव फिरवून आणा की." त्याचं उत्तर ठरलेलं. "ती कामाची सायकल आहे, मिरवायची नव्हे." वाईट माणूस नव्हता तो. काही काम नसतानाही बाहेर पडता येतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग साकम्मा ठेचकाळायला लागली. उंबऱ्याला, बादलीला, एकदा मलाच अडखळून पडली. पुट्टस्वामी म्हणाला, "चप्पल बदल." तिनं चप्पल बदलली. असं वर्ष गेलं.

पुढच्या मे महिन्यात तो तिला माझ्यावर बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. मी बाहेर गुलमोहोराखाली उभी होते. दोघं परत आली तेव्हा पुट्टस्वामीला माझं कुलूप उघडेना. किल्ली हातात आणि भोक सापडेना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यांमागची नस वाळली आहे. बाजूचं दिसणं कधीच गेलं, आता समोरचंही जाईल. दसऱ्यापर्यंत राहिलं तर नशीब. गेलेलं परत येत नाही.

साकम्मा कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसली. तो घराकडे वळू लागला तशी ती म्हणाली, "घरी नको. सरळ घ्या."

"सरळ कुठं?"

"कुठंही. असंच."

"अगं, ऊन बघ किती आहे! डोकं फिरेल."

"उन्हातच दिसतं मला. चला."

आणि आम्ही निघालो. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती एकुलती एक बिनकामाची फेरी. पुट्टस्वामीचा पाय पेडलवर नीट पडत नव्हता. एक दाब जोराचा, एक अगदीच हलका. डांबर तापलं होतं. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी आलो, मग बाजाराच्या कमानीशी. तिथं साकम्मा म्हणाली, "थांबा." फुलवाल्याच्या पाटीतल्या मोगऱ्याकडे, अबोलीकडे ती नाक लागेल इतकं वाकून बघत राहिली. फुलवाला म्हणाला, "अक्का, घ्यायचाय की नुसता डोळ्यांनी खायचाय?"

"डोळ्यांनीच खाते. चालेल?"

"खा की! त्याचे पैसे घेत नाही मी." आणि वर एक हातभर गजरा तोडून दिला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

पुढं एक बाई गर्द जांभळी साडी नेसून चालली होती. साकम्मा पुट्टस्वामीच्या पाठीला टोचून म्हणाली, "तुमच्या कारखान्यातली दिसते. पण पोपटी काठ कुणी लावला हो त्याला? डोळे फुटले होते काय?" बोलून गेल्यावर तिचं तिलाच हसू आलं. पुट्टस्वामी हसला नाही. त्यानं उगाचच माझी घंटी वाजवली.

कुक्करहळ्ळीच्या तळ्यापर्यंत आल्यावर ती खाली उतरली. "आता पलीकडच्या अंगानं बसते. अर्धंच गाव बघितलं मी." आणि खरोखरच ती उजवीकडे पाय सोडून बसली. दुसऱ्या रस्त्यानं आम्ही परत फिरलो. चामुंडीची टेकडी, वाळत घातलेली धुणी, भिंतीवर झोपलेलं मांजर, सगळं तिनं मान वळवून वळवून पाहिलं. एका ठिकाणी तिखटमीठ लावलेली कैरी घेतली. खाता खाता ती म्हणाली, "सगळं बघितलं. एक राहिलं."

"काय?"

"इतका वेळ तुम्ही पुढं, मी मागं. जरा इकडं तोंड करा."

तो माझ्या एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. मध्ये मी. ती बराच वेळ बघत होती. तो अवघडून म्हणाला, "लोक बघतायत."

"बघू देत. तुमच्या कानांवर केस उगवलेत. कुणी सांगितलं नाही?"

"तू नाही सांगितलंस."

"मला दिसत होतं कुठं?"

तेव्हा मात्र तो माझ्या सीटवर डोकं टेकून रडला. तिनं त्याच्या हातातली कैरी काढून घेतली आणि स्वतः खाऊन टाकली.

दसरा आला. जंबू सवारीच्या मिरवणुकीतल्या हत्तींपुढचे नगारे साकम्मानं घरात बसून नुसते ऐकले. तिला दिवाही दिसेनासा झाला होता.

पुट्टस्वामी निवृत्त झाला. स्वयंपाक, केर, धुणं, सगळं त्याच्या अंगावर पडलं. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी साकम्मा भिंत चाचपत माझ्यापर्यंत आली. कॅरिअरवर हात ठेवून म्हणाली, "अहो, त्या दिवसासारखं जरा फिरून येऊ या का?"

तो तांदूळ निवडत होता. सकाळीच भाताच्या वाफेनं हात भाजला होता. वर न बघताच तो बोलून गेला, "आता काय बघणार आहेस तू?"

कॅरिअरवरचा तिचा हात निघाला. मग साकम्मा म्हणाली, "खरंच की." आणि भिंत धरून आत गेली.

मला ओरडावंसं वाटलं. वारा लागतो अंगाला! बाजार नाकाला कळतो! उतार पोटात कळतो! पण सायकलीला एक घंटीच असते, आणि तीही दुसऱ्यानं वाजवावी लागते.

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. तो बाजाराला पायी जाऊ लागला. तेल थांबलं, फडकं थांबलं. मला पत्र्याखाली ढकललं गेलं. चेन गंजून एकजीव झाली, टायरला भेगा पडल्या. मला त्याचं दुःख कमी आहे. जुन्या वस्तूंचं असंच होतं.

गेल्या महिन्यात मात्र तो आला. आता त्याचे गुडघे वाकत नाहीत. काठी बाजूला ठेवून त्यानं पंप लावला. मारली हवा, निघून गेली. पुन्हा मारली. असं कितीतरी वेळ. धापा टाकत तो माझ्या सीटवर हात ठेवून उभा राहिला. सीटवरची धूळ त्याच्या तळव्याला लागली, ती त्यानं धोतराला पुसली.

आतून साकम्मानं विचारलं, "अहो, कुठं आहात? कसला आवाज येतोय?"

"कसला नाही," तो म्हणाला. "वारा असेल."

मित्रांनो, मला तेल द्या, पुसा, असं मी सांगत नाही. माझं व्हायचं ते झालं. पण तुमच्या घरात कुणी भर उन्हात, काही कारण नसताना, "जरा फिरून येऊ या का?" असं विचारलं, तर काय दिसेल, काय मिळेल, ते विचारू नका. हातातलं तसंच टाका आणि निघा. ते पुन्हा विचारतील असं धरून चालू नका.

त्या खटपटीच्या दुसऱ्या दिवशी पुट्टस्वामीनं पंप शेजारच्यांना देऊन टाकला.