महाराजांचं पथ्य

शिवणकारखान्याच्या सभागृहात त्या दुपारी शंभरेक डोकी जमली होती आणि बहुतेकांना फडकी आवळलेली होती. ऊर्जामहाराजांनी रोज वाटायची चैतन्यगोळी आदल्या दिवसापासून बंद ठेवली होती, श्रद्धेची परीक्षा म्हणून. ज्याच्या मनात किंतु असेल त्याचं डोकं दुखेल, असं आधीच सांगून ठेवलेलं. आता सगळेच कण्हत होते आणि जो तो स्वतःला पापी समजत होता.

कारखान्याच्या दवाखान्यातला डॉक्टर भिंतीशी दातओठ खात उभा होता. गोळीने थकवा पळतो, म्हणून लोक तिच्यामागे वेडे झाले होते. पण ज्या मावशीने त्याला लहानाचं मोठं केलं, तिने या गोळीपायी हृदयाची औषधं फेकून दिली होती. छाती धडधडली की ती कौतुकाने सांगे, "ऊर्जा जागी होतेय रे." त्याने समजावलं, ओरडून पाहिलं, भरल्या ताटावरून उठून गेला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"पेशीपेशीत सूर्य झोपलाय," महाराज आसनावरून सांगत होते. "गोळी त्याला हाक मारते. उद्यापासून दोन-दोन घ्या. आणि पथ्य पाळा. चहा-कॉफीचा थेंबही नको, सूर्य विझतो."

हे पथ्य डॉक्टरने अनेकदा ऐकून कानाआड केलं होतं. आज मात्र तो चमकला. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, याचा त्याला भयंकर राग आला. तो तडक उपाहारगृहात गेला आणि कडक कॉफीची किटली आणि पेले घेऊन आला. समोरच कपडा बेतणारे मास्तर बसले होते, महाराजांचे पहिले भक्त.

"मास्तर, डोकं कसंय?"

"फुटतंय."

"हे प्या."

"पथ्य आहे, डॉक्टरसाहेब."

"सूर्य विझला तर खापर माझ्या डोक्यावर फोडा."

मास्तरांनी महाराजांकडे पाहिलं, कपाळ दाबलं आणि पेला तोंडाला लावला. महाराजांनी शाप द्यायला सुरुवात केली. शाप चांगला लांबलचक होता. तो संपेस्तोवर मास्तरांनी फडकं सोडून खिशात घातलं होतं.

"उतरलं की हो," ते म्हणाले. लोक किटलीकडे सरकू लागले. मावशीही उठली.

"तुला नाही," डॉक्टर म्हणाला. "तुझं काळीज आधीच धावतंय." मग तो लोकांकडे वळला. "अहो, कॉफीत असतं तेच कॅफिन या गोळीत आहे. कडू चव लपवायला वरून कापूर. त्याने थकवा जात नाही, नुसता जाणवत नाही. शरीराला सवय लागते आणि एकदम बंद केलं की डोकं दुखतं. कॉफी प्यायलात तर दुखणं थांबेल आणि बिंग फुटेल, म्हणून हे पथ्य. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. महाराज, एक गोळी द्या, तपासून घेऊ."

महाराजांनी बटवा मांडीखाली सरकवला. "मंत्रलेली वस्तू यंत्रात घालत नाहीत."

तेव्हा मावशीने रुमालाची गाठ सोडून जपून ठेवलेली गोळी काढली. "ही घे. पण मला वाटायची ती तरतरी खोटी होती का रे?"

"तरतरी खरी होती, मावशी. ती कॅफिनची होती, महाराजांची नव्हती. औषध देणाऱ्याला आधी विचारायचं, यात काय आहे? जो चिडेल, त्याच्या हातचं घ्यायचं नाही."

पुढे तपासणीत कॅफिनच निघालं. तरी दोघं-तिघं म्हणालेच, महाराजांनी कॉफीलाही सिद्धी दिली असेल. डॉक्टरने कपाळावर हात मारला.

पण त्या दुपारी सभागृह रिकामं झाल्यावर त्याने हृदयाची गोळी पुढे केली, तर मावशीने हात मागे घेतला.

"हिच्यात काय आहे, ते सांग आधी."

चिडायला तो तोंड उघडणार होता. इतक्या वर्षांत त्याने तिला हे कधी सांगितलं नव्हतं, नुसतं 'घे' म्हटलं होतं. तो तिच्याशेजारी खाली बसला आणि सांगू लागला.