काटेवाल्यांचं काळीज

नाईलकाठचे जुने देव परत येऊन जगाचा कारभार हाकू लागले, त्याला आता तीस वर्षं झाली. देव आले म्हणजे सुख येईल, असं ज्यांना वाटलं होतं, ते हल्ली तोंड उघडत नाहीत. ससाण्याच्या डोक्याचा होरस आणि वाळवंटाचा सेत यांचं भांडण जुनंच. फक्त आता त्यांच्या दिमतीला क्षेपणास्त्रं आहेत आणि मरायला माणसं.

मरायला कोणी जायचं, हे कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस ठरवतो. त्याच्या प्रत्येक कचेरीत एक तराजू असतो. चौथऱ्यावर उभं राहिलं की काळजाचं वजन होतं. हलकं भरलं तर माणूस निष्पाप, त्याची रवानगी थेट आघाडीवर. निष्पाप माणूस मेला की वर सुनावणीचा घोळ राहत नाही. जड काळजाचे लबाड लोक घरी जातात. असला हा न्याय!

अशाच एका कचेरीतल्या तराजूची देखभाल करणाऱ्या गृहस्थांना सगळे काटेवाले म्हणत. रोज सकाळी आधी ते स्वतः चौथऱ्यावर उभे राहत आणि मोठे कारकून स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणत. चौदा वर्षांत काटेवाल्यांचं काळीज गुंजभरही बदललं नव्हतं, म्हणून प्रमाण त्यांचंच.

मंगळवारच्या यादीत पहिलं नाव त्यांच्या लेकीचं होतं. एकुलती एक, वय एकोणीस. खोटं बोलायचं म्हटलं तरी तिला हसू फुटायचं. ती हलकीच भरणार, हे बापाला लख्ख दिसत होतं.

मग त्यांच्या डोक्यात आलं, की आपणच आणखी हलकं व्हावं. प्रमाण खाली आलं की बाकी सगळे जड ठरतील आणि लेकही घरी येईल. ते कामाला लागले. आईचा चष्मा लहानपणी आपणच फोडला आणि मार धाकट्याला खाऊ घातला, हे त्यांनी भावाला सांगितलं. बायकोजवळ तर इतक्या गोष्टी कबूल केल्या, की ती म्हणाली, "अहो, पुरे आता. मला कुठे जागा राहिली नाही ऐकायला."

मंगळवारी ते चौथऱ्यावर चढले. काटा जडाकडे गेला, आणि चांगला चार घरं गेला.

आयुष्यात काटेवाल्यांनी एकच डाव रचला होता, आणि नेमका तोच काळजावर धोंड होऊन बसला होता.

"स्क्रू ढिला झालेला दिसतोय," मोठे कारकून म्हणाले.

"साहेब, स्क्रू ठीक आहे. माझं काळीजच जड झालंय. मनात पाप आलं होतं."

"तुमच्या?" कारकून हसले. "काटेवाले, उद्या सूर्य पश्चिमेला उगवला म्हणाल. उभे राहा सरळ."

काचेपलीकडे बसलेल्या अनुबिसाकडे काटेवाल्यांनी हात जोडले. देवानं फायलीतून मान वर केली नाही. कारकुनांनी स्क्रू पिळला आणि ते जडपण शून्य होऊन बसलं.

त्या दिवशी सगळेच हलके भरले. दोनदा तुरुंगात जाऊन आलेला खिसेकापूसुद्धा निष्पाप ठरला, तो बिचारा रडत होता, "अहो, मी चोर आहे, कोणालाही विचारा." लेक तर सगळ्यात आधी, सहा घरं हलकी.

दुपारी ट्रक लागले. आपण काय करून बसलो, हे काटेवाल्यांना तिला सांगायचं होतं. लेक पायरीवर थांबली. तिचा चेहरा घाबरलेला होता, आणि तरी त्यावर थोडा आनंदही होता.

"बाबा, सहा घरं म्हणे," ती हळूच म्हणाली. "मी इतकी चांगली आहे, मला माहीतच नव्हतं. तुमच्यावर गेले ना मी?"

काटेवाल्यांनी होकारार्थी मान हलवली. ट्रक निघाला. मोठ्या कारकुनांनी मागून आवाज दिला, "काटेवाले, उद्या वेळेवर या. दोनशे माणसं आहेत."