आत्यांच्या मताचं पाकीट

आमच्या घरात पिझ्झा की खिचडी हा प्रश्नसुद्धा मतदानाला जातो. ही शिस्त ऊर्मिलाआत्यांनी आणली. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची, शिरीषची आत्या. एकतीस वर्षं कॅनडात राहिल्या आणि त्यातली अठरा वर्षं दर निवडणुकीत मतदान केंद्रावर अधिकारी म्हणून बसल्या. मूलबाळ नव्हतंच. यजमान गेल्यावर तिथलं घर विकून दोन वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे जर्मनीत, इंगोलश्टाटला आल्या. येताना दोन बॅगा आणि संसदेचे सगळे नियम घेऊन आल्या.

जेवणाच्या टेबलाच्या त्या सभापती. मी खिचडीच्या बाजूने, शिरीष पिझ्झाच्या, आमची लेक अवनी फोनमध्ये डोकं घालून तटस्थ. बरोबरी झाली की सभापतींचं निर्णायक मत. आणि कॅनडाच्या संसदेतला संकेत असा, की अशा वेळी सभापतींनी शक्यतो चर्चा चालू राहील असंच मत द्यायचं. एकदा साडेनऊपर्यंत नुसती चर्चाच चालू राहिली आणि शेवटी आम्ही ब्रेड-बटर खाऊन झोपलो.

तर या वसंतात कॅनडात निवडणूक जाहीर झाली. जेमतेम पाच आठवड्यांची मुदत. आत्यांनी पहिल्याच दिवशी अर्ज केला आणि ओटावाहून टपालाने मतदानाचं साहित्य आलं. त्या मतपत्रिकेवर नावं छापलेली नसतात, उमेदवाराचं नाव आपणच लिहायचं. पत्रिका आतल्या कोऱ्या पाकिटात, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात आणि बाहेरच्यावर सही, तारीख. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत हे सगळं ओटावात पोचलं पाहिजे. एक मिनिट उशीर झाला तरी मत मोजत नाहीत, असं आत्यांनी मला चार वेळा सांगितलं. मी काही लहान मूल नाही, पण आत्यांपुढे सगळीच लहान मुलं.

सोमवारी रात्री त्यांनी ते बंद पाकीट माझ्या हातात दिलं. मी म्युनिकला नोकरी करते, ऑफिसच्या खालीच कुरियरवाला आहे.

"नीट ने गं. इथे मला मत नाही, तिथे आता घर नाही. माझं म्हणून एवढंच राहिलंय," त्या म्हणाल्या.

आत्या असं कधी बोलत नाहीत. मला एकदम भरून आलं. पाकीट लॅपटॉपच्या बॅगेत, आतल्या कप्प्यात, चेन लावून ठेवलं.

आणि विसरले. दुसरं काही सांगण्यासारखं नाही. मंगळवारी मीटिंग लांबली, बुधवारी ट्रेन रद्द झाली म्हणून घरून काम केलं. बुधवारी संध्याकाळी आत्यांनी ट्रॅकिंग नंबर मागितला तेव्हा मला पाकीट आठवलं.

"ऑफिसच्या फोनमध्ये आहे आत्या, उद्या देते," मी चक्क खोटं बोलले.

म्हटलं, मतदानाला अजून दोन आठवडे आहेत. गुरुवारी गुपचूप पाठवते, कोणाला कळायचंही नाही. गुरुवारी दिवसभर कस्टमर डोक्यावर बसला आणि मी खाली उतरले तेव्हा कुरियरवाल्याने शटर ओढलं होतं.

घरी आले तर आत्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेल्या. गॅस बंद, कणीक ताटात तशीच कोरडी. शिरीष त्यांच्याशेजारी उभा होता, काय करावं ते न सुचल्यासारखा. समोर एक चिठोरा होता. खालचा अर्धा भाग दुमडून त्यावरचा मजकूर झाकलेला, आणि वर मधोमध आत्यांच्या ठसठशीत अक्षरात 'श्री'.

"काय झालं?" मी विचारलं.

"आत्याने उमेदवाराच्या नावाचं स्पेलिंग आधी या कागदावर लिहून बघितलं होतं. आज कपाटामागे सापडला," शिरीष म्हणाला.

"मग?"

"मग काय?" आत्या म्हणाल्या. "वर श्री लिहिलंय बघ. मला कळलंसुद्धा नाही कधी लिहिलं ते. वाण्याची यादी असो, पत्र असो, माझा हात आधी श्री काढतो आणि मग पुढे सरकतो. मतपत्रिकेवरही काढला असणार. काढलाच असणार."

अवनी दारात उभी होती. "ना उंड?" ती म्हणाली, म्हणजे मग काय बिघडलं.

"अगं, मतदार ओळखू येईल अशी खूण मतपत्रिकेवर चालत नाही. बाद होते ती. एकदा मोजणीत एका म्हाताऱ्या माणसाने खाली आपली आद्याक्षरं घातलेली निघाली, सवयीने. ती पत्रिका मी स्वतः बाद केली. उमेदवारांचे प्रतिनिधी सगळे बघत होते, मी हातात धरून म्हटलं, बाद. घरी येऊन छान जेवलेसुद्धा." आत्यांचा आवाज फुटला. "आता कोणीतरी माझी अशीच हातात धरेल."

शिरीष समजूत घालायला लागला, की नुसत्या 'श्री'वरून कोण ओळखणार, ठरवणारा अधिकारी समंजस असेल. आत्यांनी मान हलवली. त्या पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. अठरा वर्षांत नियमाचं बोट न सोडलेली बाई स्वतःच्या हाताला घाबरली होती.

मी गप्प राहिले असते तर वाचले असते. उद्या पाठवलं असतं, कोणी विचारलं नसतं. पण मला ते बघवेना. मी बॅगेची चेन उघडली, पाकीट काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

"आत्या, मी पाठवलंच नाही. विसरले. आणि काल तुमच्याशी खोटं बोलले."

शिरीषने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता माझा पासपोर्टच जप्त होणार. आत्यांनी पाकीट उचललं, उलटंसुलटं केलं, आपली सही पाहिली.

"तुला नंतर बघते," त्या म्हणाल्या. "आधी केटल लाव. वाफेवर पाकीट उघडते."

"पण उघडलं तर चालतं का?" मी विचारलं.

"पोचेपर्यंत ते माझं आहे. तुम्ही तिघं बाहेर जा. मत गुप्त असतं."

आम्ही हॉलमध्ये गेलो. दाराला कडी लागली. केटलचा आवाज, मग सुरी टेबलावर ठेवल्याचा, मग काहीच नाही. मी सोफ्यावर बसून राहिले. आत 'श्री' निघालं तर? दुसरी पत्रिका ओटावाहून वेळेत येणं कठीण, आणि पाकीट माझ्याकडे तीन दिवस पडून राहिलेलं. मंगळवारी पाठवलं असतं तर निदान त्यांना कधी कळलं नसतं, असंही वाटून गेलं.

मग आतून आत्यांचं हसणं ऐकू आलं. असं हसताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. कडी निघाली. त्या दारात उभ्या, डोळ्यांतून पाणी, आणि हातात मतपत्रिका आमच्याकडे वळवून धरलेली.

"आत्या, गुप्त," शिरीष म्हणाला.

"काय गुप्त, डोंबल. बघ ना."

पत्रिकेवर 'श्री' नव्हतं. नावही नव्हतं. कागद कोरा करकरीत होता.

"त्या दिवशी चिठोऱ्यावर नाव लिहून बघितलं, तेवढ्यात बेल वाजली," आत्या खुर्चीवर टेकत म्हणाल्या. "खालच्या मजल्यावरच्या बाईंचं पार्सल होतं. त्यांच्याशी बोलत बसले. परत आले ती लिहून झालंय अशाच समजुतीत घडी घातली, पाकिटं चिकटवली, सही केली. सगळं नियमानुसार केलं गं, फक्त मत द्यायचं राहिलं."

आम्ही सगळे इतके हसलो, की अवनीनेसुद्धा फोन खाली ठेवला. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं आणि मला रडूच आलं. आत्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"वेळेवर पाठवलं असतंस तर कोरं गेलं असतं," त्या म्हणाल्या. "खोटं बोललीस त्याबद्दल मात्र आठवडाभर भांडी तू."

मग आम्हाला पुन्हा बाहेर काढलं. पण या वेळी दार लोटलेलंच राहिलं आणि फटीतून मला दिसलं. आत्यांनी पेन उचललं, तर उजवा हात सरळ कागदाच्या वरच्या टोकाकडे निघाला. त्यांनी डाव्या हाताने त्याचं मनगट पकडलं, खाली ओढलं आणि मग एकेक अक्षर काढत नाव लिहिलं.

पाकिटं डिंकाने पुन्हा चिकटवली. दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः माझ्याबरोबर ट्रेनने म्युनिकला आल्या. पाकीट पर्समध्ये, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. पाच दिवसांनी ओटावात पोचल्याचा निरोप फोनवर आला. त्या रात्री त्या दहा वाजताच घोरायला लागल्या.

निकालानंतर काही दिवसांनी त्यांच्या मतदारसंघाचे आकडे आले. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "तुमचा उमेदवार आला का हो?"

"ते नाही सांगणार."

त्यांनी चष्मा लावला. उमेदवारांच्या यादीवर हाताचा पंजा ठेवून ती झाकली आणि सगळ्यात खालच्या ओळीवर बोट टेकवलं. एकूण वैध मतं, आणि पुढे पाच आकडी संख्या. शेवटचा आकडा नऊ होता.

"मी नसते तर इथे आठ असता," आत्या म्हणाल्या, आणि बराच वेळ त्यांनी बोट तिथून उचललं नाही.