दोन अंगणांमधला झुबका

मी कुंपणाजवळच्या शोभेच्या गवताचा झुबका बोलतोय. आज माझा अवतार पाहून हसू नका. एके काळी येणारा-जाणारा फाटकाशी थांबून माझे चंदेरी तुरे बघायचा.

नर्सरीतून आलो तेव्हा मी मूठभर होतो. मला आणलं थोरल्या सुनेनं आणि माझ्यासाठी खड्डा खणला तिच्या धाकट्या जावेनं. दोघींची घरं शेजारी-शेजारी, मध्ये कमरेएवढं तारेचं कुंपण. थोरली पाणी घालायची, धाकटी पलीकडून सल्ले. थंडी सरत आली की दोघी मिळून मला छाटत. एकीनं कवेत धरून सुतळीनं बांधायचं, दुसरीनं कात्री चालवायची.

थोरलीकडे अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या. त्यांची खाट खिडकीशी आणि खिडकीसमोर मी. माझ्या डोक्यावरून त्यांना धाकटीचं अंगण दिसे. कपडे वाळत घालताना धाकटी हात हलवायची, त्याही हलवायच्या. दिवसभर पडून असलेल्या माणसाला तेवढंही पुष्कळ असतं.

एकदा चार पाहुण्यांत धाकटी बोलून गेली, "सासूबाईंचे केस किती गुंतलेत! ताई, तुम्हाला जमत नसेल तर मी येऊन विंचरत जाईन."

तिच्या मनात काही नव्हतं. पण सासूबाईंचं सगळं एकहाती करणाऱ्या थोरलीच्या ते काळजात रुतलं. "माझं करणं दिसलं नाही, गुंता तेवढा दिसला!" एवढं म्हणून तिनं जावेशी बोलणंच टाकलं.

त्या वर्षी मला कुणी छाटलं नाही. पुढच्याही वर्षी नाही. थोरली म्हणायची, "वाढू दे. तिचं तोंड तरी दिसत नाही."

वाढलो. गवताला दुसरं येतं काय? पुरुषभर उंच झालो. जुनी पाती वाळून आतल्या आत कोंदली, बुडाशी उंदरांनी संसार थाटला आणि मधोमध मी पोकळ होत गेलो. बाहेरून मात्र नुसता डौल!

एका सकाळी थोरली सासूबाईंना भरवत होती. त्यांनी तोंड फिरवलं.

"भूक नाही का?"

"भूक आहे गं. पण उठल्यापासून निजेपर्यंत समोर गवत. मी काय म्हैस आहे?"

थोरली खुदकन हसली. सासूबाई हसल्या नाहीत. "भांडण तुमचं दोघींचं. माझी खिडकी का बुजवलीस?"

थोरलीनं वाटी तशीच ठेवली आणि स्वयंपाकघरातली कात्री घेऊन ती तरातरा बाहेर आली. माझ्या पात्यांना करवतीसारखी धार. ती कापत सुटली, मी तिच्या अंगावर कोसळत राहिलो. मनगटं ओरबाडून रक्त आलं, तरी थांबेना.

धाकटी पलीकडून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. मोठी कात्री, सुतळी आणि हातमोजे घेऊन ती फाटकातून आत आली.

"आधी बांधायचं असतं ना, ताई? विसरलात?"

"विसरले नाही. धरायला कुणी नव्हतं."

मग थोरलीनं मला कवेत घेतलं, धाकटीनं सुतळी आवळली आणि जमिनीपासून वीतभर सोडून कात्री लावली. बराच वेळ नुसता कचकच आवाज.

"मी चारचौघांत तसं बोलायला नको होतं," धाकटी खाली बघूनच म्हणाली.

"बोललीस ते बोललीस. पण नंतर एकदा तरी यायचंस."

"दार उघडलं असतंत?"

थोरलीनं विचार केला. "नसतं उघडलं."

दोघींना एकदमच हसू फुटलं. तेवढ्यात माझा अख्खा भारा आडवा झाला आणि खिडकीतून आवाज आला, "अगं धाकटे, जाड झालीस की!"

धाकटीनं डोळे पुसायला हात वर नेला. "मोजे काढ आधी," थोरली ओरडली, "डोळ्यात कुसळ जाईल!"

पोकळ झालेला मधला भाग त्यांनी कुदळीनं काढून टाकला. उरलो त्याचे दोन भाग केले आणि एक पलीकडे लावला. आता मी दोन्हीकडे वीतभर खुंट होऊन बसलोय. कडेनं हिरवी टोकं डोकावू लागलीत. तुमच्या बागेत माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला वेळेवर छाटा. त्याला राग येत नाही, माझ्यावर विश्वास ठेवा.

पलीकडच्या मला पाणी घालायला रोज थोरली जाते. "तू विसरतेस," असं धाकटीला बजावते. धाकटीनं पहाटेच घातलेलं असतं. तरी ती मुकाट्यानं बादली भरून देते.