डायल, हळद आणि पिलर ड्रिल

भिमाजी गायख्यांनी स्वहस्ते केलेला पहिला झोपाळा तीन दिवस टिकला. टिकला म्हणजे टांगलेला राहिला. त्यावर जो बसे तो बोलता बोलता डावीकडे सरकू लागे आणि विषय संपायच्या आत तुळशीच्या कुंडीला टेके. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीची, मालनबाईंची, भिशी झाली. तीन बायका मिळून कुंडीवर गेल्या, आणि झोपाळा उतरला.

"भोकं तिरपी पडलीत," भिमाजींनी निदान केलं. "हातातल्या ड्रिलने तिरपीच पडणार. पिलर ड्रिल पाहिजे. खांबावर बसवलेलं, वरून सरळ खाली उतरणारं."

"सुताराला सांगा की. चारच तर भोकं."

"सुतार डोळ्यांनी भोक पाडतो."

"मग काय नाकाने पाडायचं?" मालनबाई म्हणाल्या.

हे सत्त्याण्णव सालच्या माघातलं. भिमाजी नुकतेच नोटांच्या प्रेसमधून फिटर म्हणून एकतीस वर्षांनी रिटायर झाले होते. निरोपसमारंभात वर्गणीतून इतरांना भिंतीवरची घड्याळं मिळत. भिमाजींनी डायल मागून घेतला होता. दिसायला तोही घड्याळासारखाच. खाली टाचणीएवढा दांडा. तो फिरत्या भागाला टेकवायचा; भाग केसाच्या दहाव्या हिश्श्याने जरी लटपटला तरी दांडा दबतो आणि वरचा काटा चुगली करतो. भिमाजी तो मखमली डबीत ठेवत आणि डबी खिशात.

जेल रोडवरच्या त्यांच्या घराच्या मागच्या गॅलरीत लोखंड आवळून धरायचा एक शेगडा, एक ग्राइंडर आणि हत्यारांची फळी होती. या गॅलरीला ते वर्कशॉप म्हणत. गॅलरीबाहेरच्या घरात त्यांना दिवसातून तीनदा "जरा पाय वर घ्या" असं ऐकावं लागे. गॅलरीत कोणी पाय वर घ्यायला सांगत नसे.

पाच हजारांत बसणारं पिलर ड्रिल शोधायला भिमाजी निघाले, आणि रविवार कारंज्यावरच्या हार्डवेअरवाल्यांचे वाईट दिवस सुरू झाले. भिमाजी मशीन बघत, भाव विचारत, मग डबी काढत. स्पिंडलला, म्हणजे ड्रिलच्या फिरत्या कण्याला, डायल टेकवून तो हाताने फिरवत. काटा हले. भिमाजी दुकानदाराकडे असं बघत, की जणू त्याने तांदळात खडे घातलेत.

"काका, चार रेषा हलला हो काटा," एक दुकानदार कळवळून म्हणाला. "तुम्हाला भोक पाडायचंय का चंद्रावर जायचंय?"

काटा न हलणारी मशिनंही होती. त्यांचा भाव ऐकून भिमाजी हलत.

असे आठ महिने गेले. मग पितृपक्षात मालनबाईंनी निकाल दिला. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने सिन्नरहून आमची धाकटी कुसा येतेय. तिच्याकडे पितळी कड्यांचा झोपाळा आहे. आपल्या पडवीत झोपाळा दिसला नाही, तर गॅलरी माझी. गव्हाच्या कोठ्या तिथे जातील."

"आणि वर्कशॉप?"

"पलंगाखाली."

भिमाजी आयुष्यात प्रथमच घाईला आले. कोणीतरी अंबडच्या वाळू मिस्त्रीचं नाव सांगितलं. छोटा कारखाना, मिस्त्री नवीन मशीन घेतोय, जुनं काढतोय. भिमाजी पोहोचले ते नेमके खंडेनवमीला, दुपारी.

मशीन कोपऱ्यात उभं होतं. खांब जाड, टेबल बळकट, भाव साडेचार हजार. भिमाजींना ते पाहताक्षणी आवडलं. त्यांनी डबी काढली.

"थांबा, थांबा!" वाळू मिस्त्री धावतच आला. "पूजा झालीय!"

भिमाजींनी नीट पाहिलं. बिट पकडणाऱ्या चकवर हळदीकुंकू होतं. हँडलला झेंडूची माळ होती. पुढ्यात नारळ होता. त्यांचा हात आपोआप मागे आला. एकतीस वर्षांत त्यांनी नवमीला पूजा झालेल्या हत्याराला दसरा उलटल्याशिवाय हात लावला नव्हता. साधा पाना मागणाऱ्यालाही हाकलून दिलं होतं.

"नुसतं हाताने फिरवून बघू?" त्यांनी तरीही विचारलं.

"काय बोलता काका! हळद वाळायचीय अजून. देवीला काय गिरक्या घ्यायला लावता?"

"मग परवा येतो."

"परवा कुठलं? उद्या सकाळी सिन्नर फाट्याचं गिऱ्हाईक येतंय. ते काय बघत नाय, पैसे ठेवून उचलून नेतंय. लय साधं माणूस हाय."

भिमाजींना पलंगाखालचा अंधार दिसला.

"पण आज हलवलेलं चालतं का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"देवी पालखीत बसतेच की," वाळू म्हणाला आणि त्याने टेम्पोवाल्याला हाक मारली.

अशा रीतीने, आठ महिने प्रत्येक स्पिंडलची नाडी बघणाऱ्या माणसाने न बघता मशीन घेतलं. घरी येताना ते टेम्पोत मागे, माळ उडू नये म्हणून हँडल धरून बसले होते.

मालनबाईंनी मशीनवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पाटावर हातोडी, पाने, पक्कड आधीच मांडली होती. "तो डायलही ठेवा इथे. आठ महिने वणवण हिंडलाय बिचारा," त्या म्हणाल्या आणि त्याला त्यांनी सगळ्यांपेक्षा दोन बोटं जास्त हळद लावली. ओली.

दसऱ्याचा दिवस भिमाजींनी मशीनसमोर खुर्ची टाकून काढला. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी नमस्कार केला, माळ काढली, डायल वरवर पुसून टेकवला, डोळे मिटून स्पिंडल फिरवलं आणि एक डोळा उघडला.

काटा जागचा हलला नव्हता. पुन्हा फिरवलं. उलटं फिरवलं. शून्य.

"अगं, झिरो!" ते ओरडले. "प्रेसमध्येसुद्धा असं मशीन नव्हतं!"

"मग आता भोकं पाडा."

मशीन सुरू होताच शेजारच्यांची मांजर गच्चीवर गेली. शेगडा थरथरू लागला, फळीवरची पक्कड चालत चालत कडेला आली. पहिलं भोक सरळ पडलं, पण जरा ऐसपैस. "सागवान जुनं आहे, मन मोकळं करतंय," भिमाजी म्हणाले आणि त्यांनी मोठे वायसर लावले. चारही भोकं सारखीच ऐसपैस आणि सारखीच सरळ पडली. चार वाजता झोपाळा लागला. पाणसळीचा बुडबुडा बरोबर मध्ये थांबला.

सहाला कुसाबाई आल्या. झोपाळ्यावर बसल्या, पायाने रेटा दिला. डावीकडे सरकल्या नाहीत. "दाजी, आमच्यापेक्षा बरा झुलतो की हा," त्या म्हणाल्या. मालनबाईंनी गॅलरीकडे पाहिलं आणि कोठ्यांचा विषय काढला नाही.

भिमाजी आत जाऊन डायल डबीत ठेवू लागले. ठेवताना बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. त्यांनी चष्मा लावला. दांड्याच्या मुळाशी हळद वाळून दगड झाली होती. दांडा जरासुद्धा दबत नव्हता.

त्यांनी चिंधी घेतली, रॉकेलमध्ये बुडवली. मशीनकडे पाहिलं. पडवीतून कड्यांचा कुरकुर आवाज येत होता.

"अहो," मालनबाईंनी बाहेरून विचारलं, "कुसा विचारतेय, मशीन चांगलं निघालं का?"

भिमाजींनी चिंधी पिळून खिळ्याला टांगली आणि डायल हळदीसकट डबीत ठेवला.

"झिरो म्हणावं," ते म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन पाय खाली सोडून बसले.