टकली विली

“अगं बाई, हिची हजामत कुणी केली?” वाडग्यात डोकावून सासूबाई ओरडल्या.

विली, म्हणजे आमचं तार सुटणारं दही, लागली होती झकास. चमचा उचलला की तार तुटत नव्हती. पण वर धरते ती पांढऱ्या बुरशीची मखमली साय गायब! तशी टकली विली आमच्याकडे कोण खाणार?

सायमीचा चेहरा पार पडला. ती आमच्या गावच्या काचकारखान्यात भांडी डिझाइन करायची आणि आमच्याकडेच भाड्याने राहायची. कुणाच्याही स्वयंपाकघरात जाऊन काम करताना बायकांचे हात कसे चालतात ते नुसतं बघत बसायची. लढाईनंतरची आमची घरं म्हणजे खुराडीच. विली लावायला फळीवर जागा कुठली? म्हणून तिने भरल्यावरही एकावर एक रचता येतील असे वाडगे केले. पण कारखान्याच्या साहेबांनी बजावलं होतं, “रविवारी मी खाऊन बघणार. जमलं नाही, तर पुन्हा स्पर्धांचे चषक करायला बसायचं.” कपाटात मिरवण्यापुरते ते चषक तिला अगदी नकोसे झाले होते.

“दूधच खराब असेल,” मी म्हटलं.

“माझ्या गाईला नावं ठेवायची नाहीत हं!” सासूबाई कडाडल्या.

सायमीने खालचे वाडगे पुन्हा पाहिले, मग सगळ्यात वरचा. त्याच्यावर मात्र छान मखमल धरली होती.

“अगं, मीच हिचा गळा दाबला! वरचा वाडगा इतका घट्ट बसतोय, खालचीला हवा कुठून मिळणार?” असं म्हणत ती कोटसुद्धा न घालता बर्फातून कारखान्याकडे पळाली. तिथे कारागिरांकडून काच फुंकून नवे वाडगे करून घेतले आणि प्रत्येकाच्या बुडाला वितळलेल्या काचेचे तीन थेंब लावून घेतले. आता दोन वाडग्यांमध्ये बारीकशी फट राहत होती.

रविवारी लिंड्रूससाहेब आले. मखमलीवर चमचा टेकवला, खाल्लं, वाडगा खरवडला.

“आणखी आहे का?” त्यांनी विचारलं. सासूबाईंनी लगेच दुसरा वाडगा पुढे केला.

“हे वाडगे बाजारात आणू या आपण,” साहेब सायमीला म्हणाले. “बुडावर तुझं नाव कोरू, चषकांवर असतं तसं.”

“नको साहेब,” सायमी हसली. “नाव वाचायला माणसं वाडगा उलटा करतील, आणि विली सांडेल.”

“वेडी आहेस झालं!” मी म्हटलं. राग आला होता मला, खरंच.

आता ते वाडगे घरोघरी आहेत. परवा आम्ही दोघी शेजारच्या गावी लग्नाला गेलो होतो. तिथे एका बाईने सायमीला हाताला धरून फळीपाशी नेलं आणि वाडगे कसे रचायचे ते नीट समजावून सांगितलं.

“अय्या, हो का?” म्हणत सायमीने सगळं ऐकून घेतलं.