भाषणाचे अकरावे पान

मित्रांनो, संग्रहालयाच्या दुसऱ्या दालनात खिडकीजवळ जो काळा, अवजड टाइपरायटर दिसतो, तो मी. हात लावू नये अशी पाटी माझ्यासमोर आहे. तुम्ही तरी लावताच, आणि खरे सांगू, मला ते आवडते.

माझी अक्षरे पाहिलीत? हरभऱ्याएवढी आहेत. पूर्वी आमच्या प्रजासत्ताकात अशी रीत होती, की राष्ट्राध्यक्षाने लोकांपुढे चष्मा लावायचा नाही. लावला की चौकातून कुणीतरी ओरडायचेच, “म्हाताऱ्याला कागद दिसेना, देश काय दिसणार!” म्हणून दूरच्या कारखान्यातून मला बनवून आणले. माझ्या एका पानावर जेमतेम आठ ओळी मावत.

माझ्यावर काम करायची इदालिना. ती आधी शाळेत शिकवत असे. भाषणे लिहायची तीच आणि टंकायचीही तीच. नाव मात्र कुठेच नसे. घरी तिचा धाकटा भाऊ एफ्राइन. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते. तो बंदरात केळ्यांचे घड जहाजावर चढवायचा.

नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीचे भाषण तिने सात दिवस लिहिले. खाडाखोड केलेल्या कागदांनी टोपली भरे, ती रिकामी करून पुन्हा बसे. अखेर दहाव्या पानावर एक वाक्य उतरले: ‘आजपासून या देशात कुणालाही त्याचा गुन्हा सांगितल्याशिवाय घरातून नेले जाणार नाही.’ ते टंकून झाल्यावर ती किती तरी वेळ हात मांडीवर ठेवून बसली होती.

मग सचिव सालदान्या आले. त्यांनी एक चिठ्ठी पुढे टाकली. “हे अकरावं पान.”

चिठ्ठीत होते: ‘मात्र सरकार ज्यांना राष्ट्राचे शत्रू ठरवील, त्यांना हे वचन लागू नाही.’

“साहेब, मग वचनात राहिलं काय?”

“टाळ्या राहिल्या की, बाई! दहाव्या पानाला टाळ्या पडतील. त्या आवाजात अकरावं कोण ऐकतंय?”

तिने टंकले. मीही निमूट उमटवले.

शपथविधीला राष्ट्राध्यक्ष खांद्यावर रेशमी पट्टा आणि हातात पांढरे सुती मोजे घालून सज्जात उभे राहतात, हीसुद्धा रीतच. मी सज्जामागच्या खोलीत होतो. दहावे पान वाचून झाले आणि चौक असा गरजला, की माझ्या अक्षरांच्या पट्ट्या थरथरल्या. मोज्यातल्या बोटांना कागद कळला नाही. एकदम दोन पाने उलटली गेली. राष्ट्राध्यक्षांनी थेट बारावे पान वाचायला घेतले.

अशा रीतीने आमच्या देशाला चुकून एक अख्खे वचन मिळाले. म्हाताऱ्या बायका रडल्या. ते वाक्य शाळेच्या वह्यांवर छापले गेले. मुले रोज सकाळी झेंड्याला वंदन करून ते म्हणू लागली. इतके कौतुक झाल्यावर, आपण एक पान वगळले हे सांगण्याची राष्ट्राध्यक्षांना लाज वाटली. तीन वर्षे ते पान कुणी बाहेर काढले नाही.

मग बंदरात संप झाला. एफ्राइनने गोदामाच्या भिंतीवर डांबराने तेच वाक्य लिहिले. शिपाई त्याला घरातून घेऊन गेले. गुन्हा कुणीच सांगितला नाही.

इदालिना शाळेची वही घेऊन सालदान्यांपुढे उभी राहिली. “साहेब, भावाचा गुन्हा तरी सांगा. हे वचन इथं छापलंय.”

“वा! फार सुंदर वाक्य आहे. कुणी लिहिलं हो?”

तिने वही मिटली. “राष्ट्राध्यक्षांनी.”

“शहाणी आहेस. बस. अकरावं पान पुन्हा टंक. खाली लिही, की हे शपथविधीला वाचलं गेलं आणि तू स्वतः ऐकलंस. सही कर. मग भावाचं बघू.”

“वाचलं नव्हतं, साहेब. सगळ्या चौकाला माहीत आहे.”

“चौकाचा भाऊ आमच्याकडे नाही, बाई. तुझा आहे.”

मित्रांनो, टाइपरायटर अडकतात. पट्ट्या एकमेकींत गुंततात, फीत निसटते. त्या दुपारी मी अडकलो नाही. आदल्याच दिवशी तिने मला तेल दिले होते. तिचे प्रत्येक अक्षर मी काळेभोर आणि सरळ उमटवले. इतके देखणे पान माझ्या हातून क्वचितच झाले असेल.

तिने सही केली. सालदान्यांनी शाईवर टीपकागद दाबला, खण उघडला आणि एक यादी तिच्यापुढे ठेवली.

“राष्ट्राचे शत्रू. सातवं नाव वाच.”

तिने वाचले. ते एफ्राइनचे होते.

“आता त्याचा गुन्हा सांगायची आम्हाला गरज नाही. अकराव्या पानात तो बरोब्बर बसतो. आणि ते पान वाचलं गेलं होतं, याची साक्षीदार तू.”

“तुम्ही म्हणालात, बघू...”

“बघितलं की!” ते हसले, आणि जेवायला गेले.

एफ्राइनला मिठागरांच्या बेटावर नेले. तिथून तो परतला नाही. इदालिनाला कामावरून काढले नाही; त्यापुढच्या सगळ्या याद्या तिच्याकडूनच टंकून घेतल्या. नव्या वह्या छापल्या, त्यांवर दोन्ही वाक्ये होती. मुलांनी दोन्ही पाठ केली.

पुढे सरकारे बदलली. हलकी यंत्रे आली. मी तळघरात गंजलो, मग पुसून इथे ठेवला गेलो. माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. माझी पुरेशी घेतली जाते. दर सोमवारी धूळ झाडतात.

माझ्या शेजारी भिंतीवर चौकटीत दहावे पान लावले आहे. तुमच्या शाळेच्या बाई ते मोठ्याने वाचतात आणि तुम्ही टाळ्या वाजवता. वाजवा, वाक्य चांगलेच आहे. पण त्याच चौकटीच्या पाठीमागे अकरावे पान डकवलेले आहे, खाली इदालिनाची सही आहे. कुणी सुंदर वचन दिले, की ते कुणाला लागू नाही हे विचारायची सवय लावून घ्या. इथूनच सुरुवात करा. रखवालदाराला चौकट फिरवायला सांगा. तो नाही म्हणेल. पुन्हा सांगा.